जर्बिलची नखं कापा, दातांना हात लावू नका

औंढा नागनाथ तालुक्यातल्या सिद्धेश्वरसारख्या गावात जनावराला हात लावायला कुणी कचरत नाही. पोळ्याआधी बैलाची शिंगं साळणं, शेळीची वाढलेली खुरं तासणं, बाजारात तोंड उघडून गोऱ्हा आदत आहे की दोनदाती ते बघणं, हे सगळं पोरं बापाच्या बाजूला उकिडवं बसून शिकतात. अशाच एखाद्या घरात शहरात शिकणारा मुलगा सुट्टीत जर्बिलची जोडी घेऊन येतो, नाहीतर धाकटीच्या हट्टापायी पांढरा ससा येतो. महिन्या-दोन महिन्यांनी कुणाच्या तरी लक्षात येतं, की याचे दात फारच लांब दिसताहेत. पुढचा प्रश्न ठरलेला: "नेलकटरनं कापून टाकू का?"

शहरातल्या वाचकांची अडचण नेमकी उलटी असते. ते दातांचे व्हिडिओ बघून कात्री मागवतात, आणि नखं मात्र रक्त येईल या भीतीनं सहा-सहा महिने कापत नाहीत. म्हणून उत्तर आधीच सांगून टाकतो. नखं तुम्ही घरी कापू शकता. थोडी सवय लागते, एवढंच. दात घरी कापायचे नाहीत. जर्बिल, हॅमस्टर, गिनीपिग, ससा, चौघांनाही हेच लागू. बैलाच्या दातांचा अनुभव इथे कामाचा नाही. बैलाचा दात एकदा आला की झिजत जातो. या प्राण्यांचे पुढचे दात मरेपर्यंत वाढतच राहतात.

दात खरंच वाढलेत का, ते आधी बघा

"दात लांब झालेत" म्हणून आलेल्या बऱ्याच फोटोंमध्ये दात अगदी ठीक असतात. जर्बिल आणि हॅमस्टरचे खालचे पुढचे दात वरच्यांपेक्षा कितीतरी लांब असतात, ही त्यांची जन्मजात ठेवण आहे. रंगानंही लोक घाबरतात. जर्बिलचे दात पिवळसर-नारिंगी असणं हे निरोगीपणाचं लक्षण. ससा आणि गिनीपिग यांचे दात मात्र पांढरे असतात. सशाच्या वरच्या दोन दातांच्या मागे आणखी दोन बारीक दात असतात. ते चुकून उगवलेले नाहीत, त्यांना तिथेच राहू द्या.

काळजी करायची ती पुढच्या गोष्टी दिसल्या तर:

- वरचे दात आत तोंडाकडे वळलेत किंवा खालचे बाहेर ओठावर आलेत
- वरचे आणि खालचे दात एकमेकांना भिडत नाहीत, बाजूनं निसटतात
- दाणा उचलतो, तोंडाशी नेतो आणि खाली टाकतो
- हनुवटी, गळा किंवा पुढचे पंजे लाळेनं ओले राहतात
- एका डोळ्यातून सारखं पाणी येतं
- लेंड्या बारीक किंवा कमी झाल्यात
- वजन उतरतंय

यातला शेवटचा मुद्दा सगळ्यात भरवशाचा आहे, आणि त्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं. मोठा जर्बिल साधारण साठ ते शंभर ग्रॅमचा असतो. त्याचं दहा ग्रॅम वजन घटलं तरी ते हाताला किंवा डोळ्याला कळत नाही, काट्याला कळतं. स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा घ्या, त्यावर प्लॅस्टिकचा डबा ठेवून काटा शून्यावर आणा, डब्यात जर्बिल सोडा. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी. आकडा कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिला तरी चालेल. वजन दहा टक्क्यांनी उतरलं तर दात कसेही दिसोत, डॉक्टरांना दाखवायचं.

दात बघायला तोंड उघडायचा प्रयत्न करू नका. एवढ्याशा जबड्याला तुमच्या दोन बोटांचा जोर सोसत नाही. त्यापेक्षा जर्बिलला स्वच्छ, पारदर्शक डब्यात ठेवा, सूर्यफुलाची एक बी द्या आणि तो खात असताना समोरून मोबाइलवर व्हिडिओ घ्या. व्हिडिओ सावकाश चालवून बघितला की दोन्ही दात भिडतात की नाही ते दिसतं. हाच व्हिडिओ पुढे डॉक्टरांनाही पाठवता येतो.

दात घरी का कापायचे नाहीत

कारणं तीन. तिन्ही कापल्यानंतरच लक्षात येतात, म्हणून आधी सांगतो.

पहिलं, दात नखासारखा तुटत नाही. नेलकटरची दोन पाती दाताला दोन बाजूंनी दाबतात; दात आडवा कापला जाण्याऐवजी उभा चिरतो. ती चीर वरून दिसत नाही, पण हिरडीखाली मुळापर्यंत जाऊ शकते. तिथून जंतू शिरले की मुळाशी गळू होतं, आणि एवढ्या लहान प्राण्याच्या जबड्यातलं गळू बरं करणं फार अवघड असतं.

दुसरं, दाताच्या आत जिवंत गर असतो. तो कुठपर्यंत आलाय हे बाहेरून कळत नाही. गर उघडा पडला की वेदना सुरू होतात, आणि वेदना होणारा ससा किंवा गिनीपिग ओरडत नाही; तो खाणं थांबवतो. या दोघांचं पोट चालू राहण्यासाठी सतत आत काहीतरी जावं लागतं. बारा तास तोंडाला काही लावलं नाही, तर ते तातडीचं प्रकरण समजा.

तिसरं, प्राणी हलतो. ओठ, जीभ आणि दात यांत जेमतेम काही मिलिमीटरचं अंतर असतं. झटका बसला की पात्यात काय येईल याचा नेम नाही.

हे सगळं निभावून तुम्ही दात कापलाच, तरी मूळ दुखणं तसंच राहतं. निरोगी जर्बिलचे दात एकमेकांवर घासून आपोआप धार धरतात आणि झिजतात. समोरच्या पृष्ठभागाचं कवच कठीण आणि मागचा भाग मऊ असल्यामुळे टोकाला पटाशीसारखी धार येते. दात वाढले याचा अर्थ बहुतेक वेळा ते एकमेकांना भिडत नाहीत. कधी जन्मजात ठेवण वाकडी असते, कधी उंचावरून पडून जबडा दुखावलेला असतो, कधी पिंजऱ्याचे गज चावून दात वाकलेले असतात. टोक कापल्यानं ठेवण सुधारत नाही. सशाचे पुढचे दात आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर वाढतात, म्हणजे महिन्याभरात तुम्ही पुन्हा तिथेच.

सशाच्या किंवा गिनीपिगच्या बाबतीत आणखी एक मेख आहे. जर्बिल आणि हॅमस्टरचे फक्त पुढचे दात आयुष्यभर वाढतात. ससा आणि गिनीपिग यांच्या दाढासुद्धा वाढतात. पुढचे दात वाढलेले दिसतात तेव्हा खरी गडबड कधी कधी मागे दाढांमध्ये असते: दाढेला टोकदार कंगोरा येतो आणि तो जिभेला किंवा गालाला कापत राहतो. ते घरी कुणालाच दिसणार नाही. पुढचा दात कापून तुम्ही फक्त लक्षण झाकता.

एक दात मोडून पडला तर घाबरू नका. जर्बिलचा मोडलेला दात सहसा काही आठवड्यांत पुन्हा वाढतो. तोवर समोरच्या दाताला घासायला जोडीदार नसतो, म्हणून तो वाढून बसत नाही ना, ते बघत राहायचं. त्या काळात मऊ खाणं द्या: पाण्यात भिजवलेले साधे ओट्स, मीठ न घातलेल्या शिजवलेल्या ज्वारीच्या कण्या, बारीक किसलेलं गाजर.

कुरतडायला काय द्यायचं

लाकूड दिलं की दात झिजतात, हे अर्धं खरं आहे. झीज मुख्यतः दातावर दात घासून होते. पण कुरतडायला काही नसलं तर जर्बिल गज चावतो, आणि गज चावणं हे दात वाकडे होण्याचं एक कारण आहे. म्हणून लाकूड हवंच.

बाजारातल्या रंगीत ठोकळ्यांची गरज नाही. पेरूची वाळलेली डहाळी, बांबूचा तुकडा, तुतीची काडी, साध्या पुठ्ठ्याचा डबा, हे उत्तम. हिंगोली-परभणीकडे रेशीमशेती करणारी घरं आहेत, त्यामुळे तुतीच्या काड्या फुकट मिळतात. फक्त एक पाहा: काड्या बागेतून छाटलेल्या घ्या, अळ्यांच्या रॅकवरून उरलेल्या नको. रॅकवर चुना आणि निर्जंतुकीकरणाची पावडर मारलेली असते.

हे देऊ नका:

- कपाशीच्या पऱ्हाट्या. त्यांच्यावर हंगामभर फवारणी झालेली असते
- कण्हेर, रुई, धोतरा, एरंड, घाणेरी यांचा कुठलाही भाग
- रंग, पॉलिश किंवा डिंक लावलेलं फर्निचरचं लाकूड, प्लायवूडचे तुकडे
- कच्चं सोयाबीन. घरात पोत्यानं असलं तरी

सशाला आणि गिनीपिगला लाकडापेक्षा गवत महत्त्वाचं. वाळलेलं, लांब धाग्याचं गवत दिवसभर समोर हवं. पेंड, बिस्कीट आणि पोळीवर वाढलेल्या सशाच्या दाढा बिघडतात, कारण गवत रवंथल्यासारखं आडवं चघळताना जी झीज होते ती मऊ खाण्यानं होत नाही. गिनीपिगला आणखी एक गोष्ट रोज लागते, ती म्हणजे सी जीवनसत्त्व. त्याचं शरीर ते तयार करत नाही आणि ते कमी पडलं की हिरड्या व दात ढिले होतात. पेरूची फोड, कोथिंबीर, ढोबळी मिरचीचा तुकडा यांपैकी काहीतरी रोज द्या.

नखं कधी कापायची

जर्बिल हा बिळं खोदणारा प्राणी. त्याची नखं लांब आणि अणकुचीदार असणारच. खोदायला जाड थर आणि चालायला थोडी खरखरीत जागा मिळाली तर पुष्कळ जर्बिलांची नखं जन्मात एकदाही कापावी लागत नाहीत. शहाबादी फरशीचा न घासलेला तुकडा, कौलाचा किंवा मातीच्या कुंडीचा बोथट कडांचा तुकडा पाण्याच्या बाटलीखाली ठेवा. रोज तिथे उभं राहून नखं झिजतात. नदीतला गोटा गुळगुळीत असतो, त्याचा उपयोग नाही. लोळायला वाळू हवी म्हणून रांगोळी कुणी देऊ नका. ती दगडाची बारीक पूड असते, नाकात आणि फुप्फुसात जाते. धुऊन, चाळून, कडक उन्हात वाळवलेली वाळू चालते. शेतातली काळी माती पिंजऱ्यात नको. ओली झाली की पंज्यांना गोळे धरतात.

कापायची वेळ झाली हे असं ओळखा: नख बाजूला वळतंय, कापडात अडकतंय, पाऊल तिरकं पडतंय, किंवा खाजवताना डोळ्याजवळ ओरखडे उठताहेत. म्हाताऱ्या जर्बिलचं खोदणं कमी होतं, तिथे जास्त लक्ष द्या. ससा आणि गिनीपिग यांची नखं मात्र महिन्या-दीड महिन्यानं बघावीच लागतात.

हाताशी काय ठेवायचं

- तान्ह्या बाळाचा नेलकटर किंवा बाळाच्या नखांची कात्री (जर्बिल, हॅमस्टर). मांजराच्या नखांची कात्री (ससा, गिनीपिग)
- बारीक नेल फाइल
- मऊ टॉवेल किंवा जुना सुती पंचा
- चमच्यात थोडं कॉर्नफ्लोअर
- मोबाइलचा टॉर्च
- सूर्यफुलाच्या दोन-चार बिया

नेलकटरला धार हवी. बोथट कटर नख कापत नाही, चेपतो, आणि चेपलेलं नख जास्त दुखतं.

जर्बिल धरायचा कसा

खरी मेहनत या टप्प्यावर आहे. कापायला दोन मिनिटं पुरतात. एकट्यानं करू नका, दोघं लागतात. एकानं धरायचं, दुसऱ्यानं कापायचं.

सकाळची वेळ निवडा. एप्रिल-मेच्या दुपारी तर मुळीच नको. दार लावा, मांजर बाहेर काढा, छताचा पंखा बंद करा आणि खाली जमिनीवर बसा. पलंगावर किंवा ओट्यावर उभं राहून केलं आणि जर्बिल निसटला, तर पडून होणारी इजा नखापेक्षा महाग पडते. मोठं घमेलं किंवा टब मांडीत घेतला आणि त्यात टॉवेल अंथरला की निसटला तरी तो टबातच राहतो.

शेपटीला धरून उचलणं पूर्ण वर्ज्य. जर्बिलच्या शेपटीची कातडी मोज्यासारखी निघून येते, आत हाड उघडं पडतं, आणि तो भाग पुन्हा भरून येत नाही. मुलांना हे आधी सांगा. दोन्ही तळव्यांची ओंजळ करून खालून उचला. मग टॉवेलच्या घडीत अंग झाका, डोकं झाकलेलं राहू द्या, आणि एकच पंजा बाहेर काढा. छातीवर दाब नको. त्याला श्वास घ्यायला छाती हलती लागते.

टॉवेल आवडत नसेल तर दुसरी युक्ती. पिंजऱ्याच्या बारीक जाळीवर त्याला उभं करा. जाळीच्या भोकांतून नखांची टोकं खाली डोकावतात. एक जण वरून बी दाखवत राहतो, दुसरा खालून टोक कापतो. खूप जर्बिलांना यात आपल्याला काय केलं हे कळतसुद्धा नाही.

काही जर्बिलांना हाताळणीच्या ताणानं झटके येतात. अंग ताठ होतं, कान मागे जातात, कधी थरथर सुटते. असं झालं तर लगेच पिंजऱ्यात ठेवा, उजेड आणि आवाज कमी करा, तोंडात पाणी घालू नका, हलवून बघू नका. बहुतेक झटके थोड्या वेळात आपोआप शमतात. त्या दिवशी पुन्हा हात लावायचा नाही, आणि अशा जर्बिलची नखं पुढे जाळीच्या पद्धतीनंच कापा.

कापताना

१. टॉर्च नखाच्या मागून धरा. आत गुलाबी रेघ दिसते, ती रक्तवाहिनी. तिच्या पुढे जो पारदर्शक, वाकलेला भाग आहे तेवढाच आपला.

२. त्या भागातलंही फक्त टोक घ्या. जर्बिलच्या बाबतीत हे एक मिलिमीटरसुद्धा नसतं. कमी कापलं तर आठवड्यानं पुन्हा कापता येतं.

३. नख काळं असलं आणि रेघ दिसत नसली तर कापूच नका, फाइलनं दोन-चार वेळा घासा.

४. एका बैठकीत सगळी नखं झालीच पाहिजेत असा नियम नाही. आज दोन, परवा दोन. तो धडपडायला लागला की थांबायचं.

५. सोडण्याआधी बी द्या. पुढच्या वेळी तो तुमच्या हाताला काय समजेल, ते यावरच ठरतं.

ससा आणि गिनीपिग

सशाला कान धरून उचलायचं नाही, बाजारात सगळे तसंच उचलत असले तरी. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. मागचे पाय लोंबते राहिले आणि सशानं जोरात लाथ झाडली तर त्याच्याच ताकदीनं त्याचा कणा मोडू शकतो. पाठीवर उलटा केला की ससा गपगार पडतो, आणि "बघा, किती शांत झाला" असं लोक म्हणतात. ती शांतता नसते. शिकाऱ्याच्या तावडीत सापडल्यावर मेल्यासारखं पडून राहायची ती भीती असते. मांडीवर सरळ बसवा, पोट तुमच्या अंगाला टेकवा, टॉवेलनं गुंडाळा.

सशाची नखं एकूण अठरा: पुढच्या प्रत्येक पायाला पाच, मागच्याला चार. पुढच्या पायाच्या आतल्या बाजूचं पाचवं नख जमिनीला टेकत नाही, म्हणून ते झिजत नाही आणि हमखास विसरलं जातं. गिनीपिगची चौदा: पुढे चार-चार, मागे तीन-तीन. म्हाताऱ्या गिनीपिगची नखं मळसूत्रासारखी वळतात आणि तळव्यात रुततात. रुतलेलं नख घरी ओढून काढू नका, ते डॉक्टरांचं काम.

रक्त आलं तर

येतं कधी कधी. चिमूटभर कॉर्नफ्लोअर बोटावर घ्या, नखाच्या टोकाला दाबून धरा, आणि सलग दोन-तीन मिनिटं बोट उचलू नका. मध्येच उचलून बघितलं की धरलेली गुठळी निघते. न्हाव्याकडे मिळणारी तुरटीची कांडी ओली करून टेकवली तरी चालते, थोडी झोंबते. दहा मिनिटांत थांबलं नाही तर दवाखाना.

हिंगोली हळदीचा जिल्हा, त्यामुळे कुठल्याही जखमेवर आधी हळदीचा डबा उघडतो. हळदीनं जीव जाणार नाही, पण घरातली हळद निर्जंतुक नसते आणि प्राणी ती लगेच चाटून काढतो. तंबाखू, तपकीर आणि चुना यांना मात्र बिलकूल हात लावू नका. माणसाच्या जखमेवर तंबाखू दाबणारे अजून आहेत. शंभर ग्रॅमच्या प्राण्यानं ती चाटली तर निकोटिननं विषबाधा होते. चुना भाजतो.

तुम्हाला चावला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. घरात वाढलेल्या अशा प्राण्याकडून रेबीजचा धोका सहसा नसतो, तरी निर्णय तिथल्या डॉक्टरांना घेऊ द्या.

दातांसाठी जायचं कुठे

गावातल्या किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात रोजचा पेशंट म्हणजे म्हैस, बैल, शेळी. तिथल्या डॉक्टरांनी जर्बिल कधी पाहिला नसेल, तर त्यात त्यांचा दोष नाही. पण ते प्रामाणिकपणे तसं सांगतात का हे महत्त्वाचं. त्यांच्याकडून वजन, तपासणी आणि पुढची चिठ्ठी मिळाली तरी पुष्कळ झालं. १९६२ या क्रमांकावरची फिरती पथकं प्रामुख्यानं पशुधनासाठी आहेत, सशाच्या दातांसाठी त्यांच्यावर विसंबू नका. हिंगोलीत जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात चौकशी करता येईल. परभणीला पशुवैद्यक महाविद्यालय आहे. १९७२ सालचं, आता नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली येतं, आणि तिथे शिकवणारे शल्यचिकित्सकही असतात. मराठवाड्याच्या पूर्व भागातल्या वाचकांनी पहिला फोन तिथे करावा असं माझं मत. नाहीतर नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर इथले खासगी डॉक्टर.

निघण्याआधी फोनवर एवढं विचारा:

- ससा, गिनीपिग किंवा जर्बिल यांचे दात तुम्ही याआधी हाताळलेत का?
- दात कापता की बारीक फिरत्या चकतीनं घासता? (घासणं सुरक्षित, अनुभवी हात लहान प्राण्याचा दात बारीक कटरनं कापतात, पण मग चीर पडण्याचा धोका ते कसा टाळतात हे विचारा.)
- भूल देणार का, आणि दिली तर प्राण्याला ऊब कशी देता?
- दाढांचा एक्स-रे तुमच्याकडे निघतो का?

भूल द्यायची म्हणून आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवू नका. कुत्र्या-मांजराचा हा नियम आहे, कारण भुलेत त्यांना उलटी होऊ शकते. ससा आणि हे उंदरासारखे प्राणी उलटी करूच शकत नाहीत. उलट उपाशी राहिले की त्यांचं पोट बंद पडतं आणि रक्तातली साखर उतरते. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं तर कारण विचारून घ्या.

एसटीनं न्यायचं असेल तर पहाटेची गाडी पकडा. भोकं पाडलेला टणक डबा, आत नेहमीचंच अंथरूण (त्याच्या ओळखीचा वास असतो), पाण्याऐवजी काकडीचे दोन काप. जर्बिलची जोडी असेल तर दोघांनाही न्या. वेगळे ठेवून परत एकत्र केले की भांडतात.

औषध घेताना एक गोष्ट न विसरता सांगा

गुरांच्या दवाखान्यात पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिनचं मिश्रण असलेलं इंजेक्शन सर्रास वापरलं जातं. बैलाला ते मानवतं. जर्बिलला स्ट्रेप्टोमायसिन जिवावर बेतू शकतं. तसंच, पेनिसिलिन गटातली तोंडानं द्यायची औषधं ससा, गिनीपिग आणि हॅमस्टर यांच्या आतड्यातले उपयोगी जंतू मारतात, आणि त्यातून आलेल्या जुलाबानं प्राणी दगावतो. घरात उरलेली ॲमॉक्सिसिलिनची बाटली "थोडीशी" म्हणून देऊ नका, आणि डॉक्टरांना नम्रपणे विचारा: "साहेब, हे जर्बिलला चालतं ना?" चांगला डॉक्टर या प्रश्नानं चिडत नाही.

तुमचे हक्क, आणि कायद्याचं थोडं

भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ नुसार शस्त्रक्रिया करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाला आहे. नोंदणी क्रमांक विचारणं हा उद्धटपणा नाही. केसपेपरवर औषधाचं नाव, मात्रा आणि तारीख लिहून मागा. पैसे देऊन घेतलेल्या सेवेत हलगर्जी झाली, तर ग्राहक आयोगाकडे जाता येतं. सल्ल्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. दुकानातून प्राणी घेताना बिल घ्या आणि दुकानाची नोंदणी बघा. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ पासून नियम आहेत आणि राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी बंधनकारक आहे. वाकड्या दातांचा प्राणी विकला गेला असेल तर बिलाशिवाय तुमच्या हातात काही नाही. आणि अशा प्राण्याची पिल्लं घेऊ नका, ठेवण वारशानं जाते.

रानातून पकडलेला ससा पाळणं वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. तो आणि पिंजऱ्यातला पांढरा ससा या दोन वेगळ्या जाती आहेत. शेताच्या बांधात, बिळात सापडलेलं "जर्बिलसारखं" पिल्लूही घरी आणू नका. आपल्या शेतांत जर्बिलच्या कुळातला एक उंदीर खरोखरच असतो: लांब शेपटी, शेपटीच्या टोकाला केसांचा झुपका. भारतात प्लेगच्या जंतूला रानात आसरा देणाऱ्या प्राण्यांमध्ये त्याचं नाव वरचं आहे. १९९४ साली बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेगचे रुग्ण आढळले होते, ते मराठवाड्यातल्या जुन्या लोकांना आठवत असेल. अशा रानउंदराची नखं कापायचा प्रश्नच येऊ नये.

डॉक्टरांनी दात घासल्यानंतर

पहिले दोन दिवस मऊ खाणं द्या आणि रोज वजन करा. ससा किंवा गिनीपिग घरी आल्यावर चार-पाच तासांत खायला लागला पाहिजे. लागला नाही तर त्याच दिवशी फोन करा, उद्याची वाट बघू नका. ठेवण वाकडी असेल तर पुन्हा घासावं लागणार, साधारण तीन ते सहा आठवड्यांनी, म्हणून पुढची तारीख तिथेच ठरवून घ्या. दर महिन्याला परभणीची फेरी जमणार नसेल, तर सशाच्या बाबतीत पुढचे दात कायमचे काढून टाकण्याचा पर्याय डॉक्टरांशी बोला. दात काढलेले ससे ओठांनी उचलून छान खातात. भाजी आणि गवत बारीक चिरून द्यावं लागतं, एवढंच. जर्बिलच्या बाबतीत एवढी शस्त्रक्रिया फारच जोखमीची, तिथे नियमित घासणं हाच मार्ग.